वाल, बटाटा आणि कमलाबाई सोहोनी



टोरोंटोच्या उत्तरेला लागून आमचं वॉन शहर आहे. सबवेचं शेवटचं स्टेशन २०१७ च्या डिसेंबरात इथवर आलं, आणि आता त्या परिसरात मराठी बोलणं सहज कानावर पडतं. इथल्या बारावीच्या जीवशास्त्रात जैवरसायनाचा एक भाग असतो. त्यातला मुलांचा आवडता प्रयोग म्हणजे जैविक महारेणू ओळखणं. अन्नात पिष्ट आहे का, साखर आहे का, प्रथिन आहे का, तेल-तूप आहे का, हे नळीतल्या रंगावरून ठरवायचं. बटाट्यावर आयोडीनचा थेंब टाकला आणि निळाकाळा डाग पडला, की ते पिष्ट. बेनेडिक्टचं निळं द्रावण घालून नळी गरम पाण्यात ठेवली आणि रंग विटकरी झाला, तर ग्लुकोजसारखी साखर. गंमत म्हणजे आपली चहातली साखर या चाचणीला दाद देत नाही, नळी निळीच राहते. अंड्याच्या पांढऱ्या भागात अल्कली आणि मोरचुदाच्या पाण्याचे दोन थेंब टाकले की जांभळा रंग येतो, ते प्रथिन. तेलासाठी तर तपकिरी कागदाचा तुकडा पुरतो. वडापावाच्या पुडीला पडतो तसा पारदर्शक डाग दिसला की झालं.

माझ्या लेकीने यंदा हा प्रयोग केला. तिच्या वहीत बेनेडिक्टचं नाव आहे. पण बटाटा, दूध आणि डाळी घेऊन सगळं आयुष्य प्रयोगशाळेत काढलेल्या आपल्या एका बाईचं नाव त्यात नाही. आमच्या वेळच्या शाळेच्या पुस्तकातही ते नव्हतं. मी मुंबईला इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये एमएस्सीला गेले, तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. ते नाव म्हणजे डॉ. कमला सोहोनी, माहेरच्या भागवत. म्हणून आज त्यांच्याविषयी लिहितेय.

कमलाबाईंचा जन्म १९११ सालचा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव, दोघेही रसायनशास्त्रज्ञ. दोघेही बंगळूरच्या टाटांच्या विज्ञान संस्थेत शिकलेले. थोरली बहीण म्हणजे आपल्या दुर्गाबाई भागवत. एका घरात एक मुलगी लोकसाहित्याकडे गेली आणि दुसरी रसायनांकडे. आपण मराठी लोक दुर्गाबाईंना ओळखतो ते 'ऋतुचक्र'मुळे आणि १९७५ साली कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष म्हणून आणीबाणीविरुद्ध घेतलेल्या भूमिकेमुळे. धाकटी बहीणही त्याच मातीची होती, फक्त तिची लढाई जरा आधी झाली आणि ती पाहायला मांडवभर लोक नव्हते.

१९३३ साली कमला मुंबई विद्यापीठाची बीएस्सी झाली. मुख्य विषय रसायनशास्त्र, जोडीला भौतिकशास्त्र, आणि गुणवत्ता यादीत पहिली. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधनाला जायचं, हे घरात जणू ठरलेलंच होतं. अर्ज गेला आणि नकार आला. त्याच वर्षी सर सी. व्ही. रामन संस्थेचे संचालक झाले होते. नोबेल मिळून तीनच वर्षं झाली होती. नकाराचं कारण गुण नव्हते, विषय नव्हता, जागा भरल्या असंही नव्हतं. मुलगी आहे, एवढंच कारण.

आता बावीस वर्षांच्या मुलीने काय करावं? दुसरीकडे कुठेतरी प्रवेश घ्यावा, असं कुणीही सांगितलं असतं. कमला थेट बंगळूरला रामन यांच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने कारण विचारलं. गांधीजींचे दिवस होते. प्रवेश मिळेपर्यंत सत्याग्रह करायची तिची तयारी होती. शेवटी रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्ष ती नियमित विद्यार्थिनी नसेल, प्रोबेशनवर असेल. तिच्या कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला अधिकृत मान्यता नसेल. आणि तिसरी अट म्हणजे तिच्यामुळे बरोबरीच्या पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये. या अटी तिने मान्य केल्या. आवडल्या म्हणून नव्हे, आत शिरायला दुसरं दार नव्हतं म्हणून.

मंडळी, इथे जरा थांबते. कारण प्रोबेशन हा शब्द परदेशात आलेल्या आपल्यापैकी किती जणांच्या ओळखीचा आहे! मी वॉनला आले तेव्हा हातात एमएस्सी होती आणि मुंबईतला सहा वर्षांचा अनुभव होता. पदवीचं मूल्यांकन झालं, कागद बरोबर निघाले. तरी प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न, कॅनडातला अनुभव आहे का? कॅनडात नोकरी मिळाल्याशिवाय कॅनडातला अनुभव कुठून यायचा, हे काही कुणी सांगत नव्हतं. शेवटी एका अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत रात्रपाळीला नळ्या आणि चंचुपात्रं धुण्याचं काम मिळालं, तेही प्रोबेशनवर. तीन महिन्यांची मुदत दोनदा वाढली. मोजमापं मला येत होती, पण यंत्राला हात लावायला सव्वा वर्ष लागलं. थंडीत पहाटे बस स्टॉपवर उभी असताना मला कमलाबाई आठवायच्या. तेव्हा त्या धीर द्यायच्या. त्यांच्या गोष्टीचा दुसरा अर्थ मात्र मला बराच नंतर लागला. तो पुढे सांगते.

बंगळूरला कमलाला एम. श्रीनिवासय्या हे गुरू मिळाले. शिस्तीला कडक, पण शिकवायला उदार. त्यांच्या हाताखाली तिने दूध, डाळी आणि कडधान्यांतली प्रथिनं हा विषय घेतला. तो काळ डोळ्यांसमोर आणा. आपल्या देशात बहुतेकांच्या ताटात प्रथिन येतं ते डाळीतून. पण तूर, मूग, वाल यांतलं प्रथिन नेमकं किती आणि कसं, याचा हिशोब फारसा कुणी मांडलेला नव्हता.

आणि तो हिशोब शाळेतल्या जांभळ्या रंगावर भागत नाही. रंग सांगतो की प्रथिन आहे. किती आहे, हे मोजायला डेन्मार्कच्या जेल्डालने १८८३ साली एक पद्धत दिली, ती आजही वापरात आहे. पीठ सल्फ्युरिक आम्लात तासन् तास उकळायचं, त्यातला नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर काढायचा, तो मोजायचा आणि साधारण सव्वासहाने गुणायचं. पण एक मेख आहे. ही पद्धत प्रथिन मोजत नाही, नायट्रोजन मोजते. चीनमध्ये २००८ साली दुधात मेलामाइन घातल्याचं प्रकरण उघड झालं, ते याच फटीतून घडलं होतं. मेलामाइनमध्ये नायट्रोजन भरपूर, प्रथिन शून्य. दूध कागदावर उत्तम ठरायचं आणि बाळं मात्र आजारी पडायची. त्यामुळे चाचणी नेमकं काय मोजते आणि काय मोजत नाही, हे कळणं म्हणजेच या विषयातलं अर्धं शिक्षण. कमलाने ते बंगळूरला पक्कं केलं.

वर्ष संपलं. रामन यांना तिच्या कामाचा दर्जा पटला आणि तिला नियमित संशोधनाची परवानगी मिळाली. त्यानंतर संस्थेत इतर मुलींनाही प्रवेश मिळू लागला. १९३६ साली याच संशोधनावर तिने मुंबई विद्यापीठाची एमएस्सी विशेष प्रावीण्यासह मिळवली.

पुढे काही काळ मुंबईच्या हाफकिन संस्थेत काम करून, शिष्यवृत्ती मिळवून ती केंब्रिजला गेली. तिथे सर फ्रेडरिक हॉपकिन्स यांची प्रयोगशाळा होती. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले हेच ते हॉपकिन्स. प्रयोगशाळा खचाखच भरलेली, नव्या माणसाला टेबल नाही. तेव्हा डेरेक रिश्टर नावाच्या संशोधकाने आपली जागा तिला दिवसा वापरायला दिली आणि स्वतः रात्री काम करायचं ठरवलं. जागा नाही हे दोन्हीकडे सांगता येत होतं. केंब्रिजला कुणीतरी सरकून बसलं, एवढाच फरक.

रिश्टरनंतर रॉबिन हिल यांच्याबरोबर काम करताना तिच्या हातात बटाटा आला. हिल म्हणजे प्रकाशसंश्लेषणावरच्या संशोधनासाठी पुढे जगप्रसिद्ध झालेले शास्त्रज्ञ. प्राण्यांच्या पेशीत सायटोक्रोम सी नावाचं लोह असलेलं एक लहानसं प्रथिन श्वसनात इलेक्ट्रॉन पुढे पोचवण्याचं काम करतं, हे तोवर कळलेलं होतं. बटाट्याच्या पेशींवर काम करताना कमलाला तेच प्रथिन वनस्पतीतही सापडलं. म्हणजे आपण श्वास घेतो तेव्हा पेशीत जी यंत्रणा चालते, तिचाच एक भाग पोत्यात पडलेल्या बटाट्यातही चालू असतो. या कामावर तिने जेमतेम चाळीस पानांचा प्रबंध दिला. चौदा महिन्यांचं संशोधन, आणि १९३९ साली केंब्रिजची पीएचडी. विज्ञानात डॉक्टरेट मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांत त्यांची गणना होते.

आपल्या सदराच्या वाचकांना पुढचं वाक्य विशेष वाटेल. त्या परत आल्या. राहणं सोपं असतं का, युद्धामुळे किती अवघड झालं असतं, हा हिशोब आज करता येतो. पण त्यांचा विषयच भारतातल्या ताटातला होता आणि त्यांना देशात काम करायचं होतं. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात जैवरसायनाचा नवा विभाग त्यांनी सांभाळला. नंतर कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत त्या सहायक संचालक झाल्या. हीच प्रयोगशाळा पुढे हैदराबादला गेली आणि आजची राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९४७ साली विमागणिती मा. वि. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. मग रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जैवरसायनाच्या प्राध्यापक.

मुंबईतली ही वर्षं मला सगळ्यात जवळची वाटतात, कारण त्या वर्षांत वाल आहेत. आपल्या घरी वालाचं बिरडं करताना आजी काय करायची? वाल रात्रभर भिजत घालायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, कोमट पाण्यात टाकून सोलायचे आणि मग मऊ शिजवायचे. एवढा खटाटोप का, असं विचारलं तर आजी म्हणायची की नाहीतर पोटाला बाधतात. कमलाबाई आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १९५० च्या दशकात भारतीय अन्नपदार्थांतल्या ट्रिप्सिनरोधकांवर संशोधन प्रसिद्ध केलं आणि त्यात वाल-पावट्यावर खास काम केलं. ट्रिप्सिन हे आपल्या आतड्यात प्रथिनं तोडणारं एन्झाइम. कच्च्या कडधान्यात त्याचं काम अडवणारी प्रथिनंही असतात. तपासणी अशी करतात की नळीत दुधातलं केसिन आणि ट्रिप्सिन घ्यायचं, दुसऱ्या नळीत त्याच्या जोडीला कडधान्याचा अर्क घालायचा आणि केसिन किती कमी तुटलं ते मोजायचं. उष्णतेने हे रोधक बऱ्याच अंशी निकामी होतात. म्हणजे नीट शिजवण्याचा आजीचा आग्रह बरोबर होता. कमलाबाईंसारख्यांनी त्याचं कारण नळीत दाखवलं. दुर्गाबाईंनीही पाककृतींवर 'खमंग' हे पुस्तक लिहिलंय. दोघी बहिणींचं लक्ष शेवटी एकाच चुलीकडे होतं, असं मला नेहमी वाटतं.

नीरेवरचं कामही याच काळातलं. सूर्य उगवायच्या आत ताडामाडावरून उतरवलेला गोड रस म्हणजे नीरा, ऊन चढलं की तिची ताडी होते. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीरेतल्या पोषक घटकांचा अभ्यास हाती घेतला. तिच्यात क जीवनसत्त्व आणि लोह आहे, कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा फायदा होतो, असं त्या कामातून दिसलं. या संशोधनासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला. आरे दूध योजनेलाही त्यांनी दुधाच्या दर्जाबाबत सल्ला दिला. त्यांचे विषय बघा, डाळ, वाल, दूध, नीरा, भाताचं पीठ. गरिबाला परवडेल ते घ्यायचं आणि त्यात काय आहे ते नीट तपासायचं.

एवढं सगळं करूनही संस्थेचं संचालकपद त्यांना वेळेवर मिळालं नाही. त्या बाई असल्यामुळे ते सुमारे चार वर्षं लांबलं, असं त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी नोंदवलंय. म्हणजे बंगळूरचं प्रोबेशन एका वर्षात संपलं हे खरं, आणि तरी ते पुरतं संपलं नाही हेही खरं.

आता मघाशी म्हटलेला दुसरा अर्थ. कमलाबाईंची गोष्ट आपण नेहमी गोड करून सांगतो. अट घातली, मुलीने जिद्दीने पूर्ण केली, थोर माणसाचं मत बदललं, शेवट चांगला. मीही नव्याने आलेल्या मुलींना ती तशीच ऐकवायचे. पण कमलाबाईंनी स्वतः ती तशी कधी सांगितली नाही. रामन यांचं वैज्ञानिक म्हणून मोठेपण त्यांना मान्य होतं. तरीही केवळ मुलगी म्हणून आपल्याला जे वागवलं गेलं तो अपमान होता, हे त्या उतारवयातही उघडपणे सांगत राहिल्या. परीक्षेत उत्तम गुण मिळाले म्हणून परीक्षा न्याय्य ठरत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि असायचंच. ज्या बाईचं आयुष्य चाचण्यांत गेलं, तिला हे कळणार नाही तर कुणाला? प्रथिनाची चाचणी फक्त प्रथिनाला विचारते. नळीवर कुणाचं नाव चिकटवलंय, ती कुठल्या देशातून आली, हे मोरचुदाला कळत नाही. कमलाला बंगळूरला जे वर्ष काढावं लागलं, त्यात तिच्या कामाची तपासणी नंतर झाली. आधी तपासलं गेलं ते नळीवरचं लेबल.

हे आपल्यालाही लागू आहे. कॅनेडियन अनुभवाचा सरसकट हट्ट हा भेदभाव ठरू शकतो, असं ऑन्टारियोच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ साली धोरण म्हणून मांडलं. १ जानेवारी २०२६ पासून तर इथल्या पंचवीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या मालकांना नोकरीच्या जाहिरातीत ती अट घालायला कायद्याने बंदी आहे. पण आपल्या मंडळांच्या जेवणावळीत अजून काय ऐकू येतं? आम्ही पण नळ्या धुतल्या, आम्ही पण बर्फात बसची वाट पाहिली, तुम्हीही काढा दोन वर्षं, काही बिघडत नाही. मी हे ऐकते तेव्हा आता गप्प बसत नाही. बिघडतं. माझ्या ओळखीतल्या दोन हुशार मुलींनी या दोन वर्षांत विज्ञान सोडलं. एक दुकानात आहे, एक घरी आहे. कमलाबाईंसारखी एखादी तग धरते म्हणून आपण गळलेल्यांना मोजतच नाही. आपण तगलो, तर दार धरून ठेवायचं, की पुढच्या मुलीला तीच अट वाचून दाखवायची, एवढा एकच प्रश्न आहे.

कमलाबाईंनी निवृत्तीनंतरही तपासणं सोडलं नाही. मुंबईत १९६६ साली सुरू झालेल्या कन्झ्युमर गायडन्स सोसायटी ऑफ इंडिया या ग्राहकसंस्थेच्या त्या संस्थापक सदस्यांपैकी होत्या. १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या. संस्थेच्या 'कीमत' मासिकात त्या साध्या गृहिणींसाठी लिहीत. १९९८ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला होता. त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि थोड्याच दिवसांत गेल्या. वय सत्त्याऐंशीच्या घरात होतं. २०२३ च्या १८ जूनला, त्यांच्या एकशे बाराव्या जन्मदिनी, गूगलने त्यांचं चित्र पहिल्या पानावर लावलं, तेव्हा इथल्या मराठी व्हॉट्सअॅप गटांत अनेकांनी विचारलं की या कोण.

म्हणून एक विनंती. ज्यांच्या घरी मुलंमुली बारावीला आहेत, त्यांनी त्यांच्या वहीत हे नाव जरूर घालायला सांगा. आणि जे तिकडे मुंबई-पुण्यात हा लेख वाचताहेत, त्यांची कुणी लेक, सून, भाची पदवी घेऊन इकडे यायला निघाली असेल, तर तिला माझ्यासारख्या इथल्या कुणाशी तरी आधी जोडून द्या. टेबलावर जागा नसेल तर आम्ही थोडं सरकून बसू.

वॉन, ऑन्टारियो, कॅनडा